तेलाच्या जहाजावरचा शनवार तेली

नागपूरला समुद्र नाही. अंबाझरी आहे, फुटाळा आहे, आणि देशाचा मध्य दाखवतो असं मानला जाणारा झिरो माइलचा दगड आहे. तरी माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत गेला. मी त्याला दादा म्हणतो. दादा एका तेलवाहू टँकरवर थर्ड इंजिनियर आहे, आणि जहाजावर स्टारलिंक आल्यापासून त्याचे व्हिडिओ कॉल कधीही येतात.

25 डिसेंबर 2024ला रात्री पावणेबाराला त्याचा कॉल आला. मी नुकताच सदरमधून घरी आलो होतो. आमच्याकडे नाताळला सदरला जाऊन चर्चची रोषणाई बघायची आणि येताना केक आणायचा, ही लहानपणापासूनची पद्धत. आम्ही ख्रिश्चन नाही, पण आई हिस्लॉप कॉलेजची. त्यामुळे नाताळ थोडा आमचाही, असं ती म्हणते.

दादाचं जहाज तेव्हा आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये होतं आणि तिकडे सूर्य मावळत होता. मेसमध्ये कागदाच्या चांदण्या लटकत होत्या. फिलिपिनो खलाशी त्यांना पारोल म्हणतात. हुबेहूब आपले आकाशकंदील. मागे कराओके चालू होतं. कोणीतरी बेसूर गात होतं आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. दादानं फोन फिरवून सगळ्यांना ‘हाय’ करायला लावलं. कोपऱ्यात एक चाळिशीचा माणूस चहाचा मग घेऊन बसला होता. त्यानं हात हलवला आणि चक्क मराठीत विचारलं, “काय म्हणतंय नागपूर? थंडी पडली का?”

“आमचे सेकंड साहेब,” दादा म्हणाला. सेकंड इंजिनियर म्हणजे इंजिनरूममधला दादाचा थेट वरिष्ठ. ठाण्याचे. आडनाव कोकणातल्या एका गावाचं, शेवटी ‘कर’.

एवढंच. मी झोपलो. त्या माणसाची खरी गोष्ट मला मार्चमध्ये कळली. दादा साइन-ऑफ होऊन घरी आला होता आणि आम्ही फुटाळ्यावर भुट्टा खात बसलो होतो.

मासा उलटून बघणारा माणूस

दादाच्या म्हणण्याप्रमाणे त्याला संशय माशावरून आला. जहाजावर आठवड्यातून दोनतीनदा मासे असतात. सेकंड साहेब आवडीनं खायचे, पण आधी काट्यानं तुकडा उलटून त्याची कातडी बघायचे. बासाचे सोललेले फिले असले की हात लावायचे नाहीत. कोळंबी कधीच नाही. “मले वाटे, कोकणातला माणूस कोळंबी काहून नाही खात बे?” दादा म्हणाला. त्यानं एकदा विचारलंही. साहेब म्हणाले, अ‍ॅलर्जी आहे.

24च्या रात्री फिलिपिनो लोकांची मोठी पंगत असते. मध्यरात्रीच्या त्या जेवणाला ते नोचे बुएना म्हणतात. त्यात मानाचा पदार्थ म्हणजे भाजलेलं अख्खं डुक्कर. टँकरवर उघड्यावर शेगडी पेटवायची सोय नसते, म्हणून कुकनं गॅलीतल्या विजेच्या भट्टीत छोटं डुक्कर भाजलं होतं. कुक दोन दिवस त्याच्याच तयारीत होता. त्यानं स्वतःच्या हातानं पहिला तुकडा कापून सेकंड साहेबांच्या ताटात ठेवला. प्रेमानं. सगळे बघत होते.

साहेब हसून म्हणाले, “आज माझा उपवास आहे.”

जहाजावरच्या लोकांना हे पटलं. भारतीय माणूस, कधी कुठला उपवास असेल सांगता येत नाही. कुकचा चेहरा जरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं न विचारता साहेबांसमोर एक अख्खा मासा आणून ठेवला, डोक्या-शेपटीसकट, कातडीवर खवल्यांच्या खुणा असलेला. मागच्या तीन महिन्यांत त्यानंही सगळं बघितलं होतं. फक्त बोलला नव्हता.

त्याच संध्याकाळी, माझा कॉल संपल्यावर, साहेबांनी दादाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बॅटरीचे नऊ छोटे दिवे ओळीनं मांडले होते. टँकरवर मेणबत्ती लावता येत नाही. साहेबांनी त्यातले दोन लावले, काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, “आम्ही ज्यू. बेने इस्राएल. आज हानुकाची पहिली रात्र.” दोनच का, असं दादानं विचारलं. एक दिवा पहिल्या रात्रीचा. दुसरा मदतनीस, बाकीच्यांना पेटवणारा. तो रोज असतो.

दादानं विचारलं, मग इतके दिवस सांगितलं का नाही? साहेब म्हणाले, “हे वर्ष सांगायचं आहे का?”

नोव्हेंबर 2023मध्ये येमेनच्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज खलाशांसकट पळवलं होतं. त्यानंतर इस्राएलशी संबंध असल्याचं सांगत जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येत राहिली. दादाचं जहाज सुएझ सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून चाललं होतं, ते याच कारणानं. मेसमध्ये रोज यावर चर्चा व्हायची, ज्यूंबद्दल बरीवाईट मतं उडायची, आणि कोपऱ्यात चहा पिणाऱ्या माणसाकडे कोणी बघायचं नाही. त्याच्या आडनावात ‘कर’ होतं ना.

ही गोष्ट लिहिण्याआधी मी त्यांची परवानगी घेतली. नाव, गाव, जहाज लिहायचं नाही या अटीवर ती मिळाली.

नवगावचा किनारा

खरं सांगतो, ज्यू म्हटलं की मला हिटलर आठवायचा आणि हॉलिवूडचे सिनेमे. फार तर शाळेत वाचलेले निसीम इझिकेल. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा, म्हणजे अभिनेते डेव्हिड, यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होतं, हे मला तिशीच्या उंबरठ्यावर कळलं. चेऊल म्हणजे चौल, अलिबागजवळचं. मराठी ज्यू नावाची दोन हजार वर्षं जुनी मानली जाणारी गोष्ट आपल्याच राज्यात आहे, आणि मला ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कळावी?

मे महिन्यात ऑफिसच्या कामानं मुंबईला गेलो, तेव्हा एक दिवस काढून अलिबागला आणि तिथून नवगावला गेलो. बेने इस्राएलांची पूर्वापार कथा इथे सुरू होते. समोर खांदेरी-उंदेरीचा खडकाळ समुद्र. त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथे फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. वाहून आलेली प्रेतं गावकऱ्यांच्या मदतीनं किनाऱ्याजवळ पुरली, पुरुषांची एका ढिगाऱ्यात, बायकांची दुसऱ्या. आज तिथे दफनभूमी आहे आणि स्मारकाचा स्तंभ आहे. आजूबाजूला नारळाची झाडं.

हे कधी घडलं? हाइम सॅम्युएल किहीमकर (1830–1908) यांनी आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहास 1897मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापून आला 1937मध्ये, तेल अवीवला. त्यांनी हा काळ इसवी सनापूर्वी 175च्या सुमाराचा मानला. इतर अभ्यासकांनी वेगवेगळी शतकं सांगितली आहेत. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशधागे आढळले. म्हणजे कथेचा गाभा पोकळ नाही. कोणीतरी समुद्रातून आलं आणि इथल्या लोकांमध्ये मिसळून राहिलं.

मला यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ग्रंथ बुडाले. धर्मगुरू नव्हता. भाषा हळूहळू गेली, मराठी आली. कपडे इथले, दागिने इथले, लग्नात मेंदी आणि मंगळसूत्र. त्या त्या गावात राहून गावाचं नाव लावलं: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर. अशी शंभरहून अधिक आडनावं. धंदा तेल गाळायचा. घाण्याला बैल जुंपायचा आणि तीळ-खोबऱ्याचं तेल काढायचं.

फक्त शनिवारी घाणा बंद.

गावानं त्यांना त्यावरूनच नाव दिलं: शनवार तेली. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नव्हतं, शेजाऱ्यांनी दिलेलं होतं. पण विचार करा. देवाचं नाव, पुस्तक, मंदिर, काहीच दाखवण्यासारखं उरलं नव्हतं. आठवड्यातून एक दिवस काम न करणं, एवढ्याच गोष्टीवर गावानं त्यांना वेगळं ओळखलं, आणि त्यांनी स्वतःला.

आमचा सण, तुमचे शब्द

बेने इस्राएलांच्या सणांची जुनी नावं वाचताना मला हसू आलं आणि मग जरा गलबललं. ज्यू नववर्षाला ते म्हणतात नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या सर्वांत पवित्र दिवशी, योम किप्पूरला, घराची दारं लावून घ्यायची, म्हणून तो दरफाळणीचा सण. पुरीम येतो होळीच्या आसपास, म्हणून तो होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवशी बिरड्याचं जेवण, म्हणून बिरड्याचा सण. एका उपवासाच्या महिन्याला नाव रमजान. एलिया प्रेषिताच्या नावानं उरूस. एलियाचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरून आकाशात गेला अशी श्रद्धा आहे, आणि त्याच्या नावानं ते मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं.

हिंदू शब्द, मुसलमान शब्द, कोकणातलं कडधान्य. आत मात्र जुनाच दिवस. सेकंड साहेबांनी “आज माझा उपवास आहे” म्हटलं, तेव्हा ते खोटं बोलले असं दादाला आधी वाटलं होतं. मला ही यादी वाचल्यावर तसं वाटलं नाही. समोरच्याला कळेल अशा शब्दात आपला नकार गुंडाळून द्यायचा, ही त्यांच्या घरातली फार जुनी रीत आहे.

आणि मासा? त्याचीही कथा आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. हे शनिवार पाळणारे लोक खरंच ज्यू आहेत का, हे त्याला बघायचं होतं. त्यानं बायकांना मिसळीचे मासे दिले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले. बाकीचे बाजूला सारले आणि म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. तोरामधला नियम नेमका हाच आहे. रहाबीची खात्री पटली. त्यानं झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले. त्यांना म्हणायचे काजी.

अटलांटिकमधल्या मेसमध्ये काट्यानं मासा उलटून बघणारा सेकंड इंजिनियर कोणाचा वारस आहे, हे मला नवगावला उभं राहून कळलं.

पुस्तक घेतलं, बाप्तिस्मा नाही

नाताळवाल्या धर्माशी या लोकांची खरी गाठ पडली एकोणिसाव्या शतकात, आणि ती बरोबरीची गाठ नव्हती. राज्य इंग्रजांचं होतं आणि शाळा मिशनऱ्यांच्या.

अमेरिकन मराठी मिशन 1813मध्ये मुंबईत आलं. स्कॉटलंडचे जॉन विल्सन 1829मध्ये आले. विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. आमच्या नागपूरला 1845मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप त्याच स्कॉटिश मिशन परंपरेतले. हिस्लॉप 1863मध्ये टाकळघाटजवळ पुरात बुडून गेले आणि 1883मध्ये त्यांच्या नावानं कॉलेज निघालं. माझ्या आईचा ‘थोडासा आपला’ नाताळ या माणसांमुळे आमच्या घरात आला.

मिशनऱ्यांना बेने इस्राएलांमध्ये विशेष रस होता. बायबलमधले लोक, तेही कोकणात, तेही स्वतःचं पुस्तक विसरलेले. ते लवकर ख्रिस्ती होतील अशी आशा होती. त्यांनी शाळा काढल्या, जुन्या कराराची मराठी भाषांतरं हातात दिली. विल्सन यांनी तर 1832मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं.

झालं उलटंच. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, मराठी बायबल घेतलं, शाळेत मुलं-मुली घातल्या. आणि ते जास्त ज्यू झाले. बाप्तिस्मा घेणारे फार थोडे. 1846मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, म्हणजे पेसाहच्या रात्री घरात वाचायचं पुस्तक. 1874मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गादेत तर चित्रं आहेत, आणि बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसल्या आहेत. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट, सदाशिव-नारायणातल्या स्वयंपाकघरासारख्या चित्रात. 1880मध्ये मुंबईत त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. टाळ-चिपळ्यांची आपली कीर्तनपद्धत, आणि आख्यानं अब्राहम-मोशेची.

या सगळ्यात मला मिशनऱ्यांचा राग आला नाही, हे मला स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी दिलं ते आपल्या हेतूनं. यांनी घेतलं ते आपल्या. देणाऱ्याचा अपमान न करता अर्धं ताट परत करायचं, यालाही हुशारी लागते.

ताफ्याचा प्रमुख

समुद्रावर आणि फौजेत ही माणसं जुनीच. आंग्र्यांच्या आरमारात बेने इस्राएल होते. कंपनीच्या फौजेत तर पुष्कळ. त्यातले एक देशी अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युएल इझिकेल, टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. सांगतात की टिपूच्या आईनं त्यांना वाचवलं. बेनी इस्राईल हे नाव तिनं कुराणात वाचलं होतं आणि प्रत्यक्षात अशी माणसं असतील हे तिला ठाऊक नव्हतं. सुटका झाल्यावर दिवेकरांनी 1796मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, शआर हरहामीम, दयेचं द्वार. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं म्हटलं जातं. मुसलमान बाईच्या शब्दावर सुटलेल्या ज्यू माणसाचं प्रार्थनाघर, मशीद या नावानं हिंदू-मुसलमान हमालांच्या गर्दीत उभं. मुंबईच करू जाणे.

आणि बेंजामिन अब्राहम सॅमसन. ब्रिटिश काळातच नौदलात गेले, पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कमांडंट झाले, आणि 1965च्या युद्धाच्या वेळी भारतीय ताफ्याचे प्रमुख होते. निवृत्त झाले ते व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणून. नृत्यांगना लीला सॅमसन त्यांची मुलगी. तिची आई रोमन कॅथलिक. म्हणजे या दर्यावर्दी ज्यूच्या घरात नाताळ पाहुणा म्हणून नव्हे, घरचा म्हणूनच आला असणार. नाताळच्या दिवशी अधिकाऱ्यांनी खलाशांना वाढायचं ही रॉयल नेव्हीची जुनी पद्धत आहे. मी ती वाचली तेव्हा मला दादाच्या जहाजावरचा कुक आठवला, अख्खा मासा घेऊन येणारा.

पण हे सगळं इतकं गोड नाही. 1948नंतर या समाजातली बहुतेक माणसं इस्राएलला गेली. कोणी हाकललं नव्हतं. आपल्या माणसांत जायचं म्हणून गेली. तिथे 1960च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठानं त्यांच्या लग्नांसाठी वंशाच्या चौकशीची अट घातली: आईची आई कोण, तिची आई कोण. कोकणात दोन हजार वर्षं शनिवार पाळला, आणि जेरुसलेममध्ये पुरावा मागितला. लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली. शेवटी ऑगस्ट 1964मध्ये इस्राएलच्या संसदेनं जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत.

तिथेही त्यांनी मराठी सोडली नाही. इस्राएलमधून निघणाऱ्या त्यांच्या मराठी नियतकालिकाचं नाव आहे ‘मायबोली’.

सेकंड साहेबांचे दोन काका तिकडेच आहेत. मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही गेलात? त्यांचा व्हॉइस नोट आला, मागे इंजिनाचा आवाज: “इथं मी ज्यू असल्याचं सांगावं लागतं. तिथं मी भारतीय असल्याचं सांगावं लागतं. जहाजावर कोणी विचारत नाही. सेकंड म्हणतात, पुरतं.” जरा थांबून पुढे म्हणाले, “शनिवार समुद्रावर पाळता येत नाही, वॉच थांबत नाही. पण आज शनिवार आहे एवढं मी रोज लक्षात ठेवतो. म्हणजे, दर शनिवारी.” आणि स्वतःच हसले.

‘इतर’

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून कॅलेंडरकडे आलोच. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. 19 वर्षांच्या चक्रात सात वेळा अधिक महिना धरतात. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. हानुका किस्लेव महिन्याच्या 25 तारखेला. ही 25 आणि डिसेंबरची 25 यांची एरवी चुकामूक होते. 2005मध्ये दोन्ही एकाच संध्याकाळी आल्या होत्या, त्यानंतर थेट 2024मध्ये. बरोबर 19 वर्षांनी.

हानुका हा तेलाचा सण. इसवी सनापूर्वी 164मध्ये ज्यूंनी आपलं मंदिर परत मिळवलं. दिव्यापुरतं शुद्ध तेल एकाच दिवसाचं होतं, ते आठ दिवस पुरलं, अशी कथा. आणि गंमत बघा, बेने इस्राएलांच्या त्या जुन्या मराठी यादीत हा सण नाही. किहीमकरांचा तर्क असा की पूर्वज निघाले तेव्हा हा सण सुरूच झालेला नव्हता. तेल गाळणाऱ्यांना तेलाचा सण ठाऊक नव्हता! बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्याकडे आला. म्हणजे सेकंड साहेब त्या रात्री जे दिवे लावत होते, ते नवगावच्या किनाऱ्यावरून आलेले नव्हते. ते नंतर शिकून घेतलेले होते. शनवार तेल्याचा नातू, तेलाच्या जहाजावर, शिकून घेतलेला तेलाचा सण बॅटरीच्या दिव्यांवर करत होता.

आता माझी गोष्ट. पहिल्या नोकरीत मी एक नोंदणीचा फॉर्म बनवला होता. त्यात धर्माचा ड्रॉपडाउन होता. एका जुन्या एक्सेलमधून मी यादी उचलली: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, जैन, शीख, इतर. ‘इतर’ निवडल्यावर पुढे लिहायला जागाही ठेवली नाही. टेस्टिंगमध्ये कोणी तक्रार केली नाही, कारण टेस्ट करणाऱ्या आम्हा पाच जणांत कोणीही ‘इतर’ नव्हतं. महाराष्ट्र सरकारनं 2016मध्येच ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला होता. मी फॉर्म बनवला त्यानंतर. बघायचं सुचलंच नाही.

सेकंड साहेबांना मी हे सांगितलं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “अरे, मी आयुष्यभर इतरच भरत आलोय. सवय आहे.” मला ते ‘सवय आहे’ रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

2011च्या जनगणनेत भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास होते, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. नागपूरच्या एखाद्या मोठ्या शाळेच्या गॅदरिंगला याहून जास्त माणसं जमतात. इतक्या थोड्या लोकांसाठी कोण कोड बदलणार, असा प्रश्न येतोच. पण मी ज्या इतिहासातून फिरून आलो, त्यात उलटं दिसलं. बाजूला काही जागा ठेवायला फार काही लागत नाही. नवगावच्या लोकांना यांचा देव समजला नव्हता. त्यांनी एवढंच मान्य केलं की शनिवारी यांच्याकडे तेल मिळणार नाही, तर शुक्रवारी आणू. जहाजावरच्या कुकला कोशर हा शब्द माहीत होता की नाही, कोण जाणे. त्याच्या एवढंच ध्यानात आलं की हा माणूस मासा उलटून बघतो, तर अख्खाच देऊ. आणि त्यानं सगळ्यांसमोर ‘का’ विचारलं नाही.

मी ती कंपनी सोडून तीन वर्षं झाली. तो फॉर्म अजून वापरात आहे. मे महिन्यात परत आल्यावर तिथल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला आणि विनवलं. ‘इतर’च्या पुढे एक रिकामी चौकट टाकायला त्याला पंधरा मिनिटं लागली. यादीत ज्यू आणि पारशी घालायला आणखी दोन. एवढ्यानं इतिहासाचं काही फिटत नाही, मला माहीत आहे. पण चूक माझी होती.

दादाकडे एक फोटो आहे. हानुकाची आठवी रात्र 1 जानेवारीला होती. मेसमध्ये नवीन वर्षाची पार्टी संपली होती आणि पारोल अजून उतरवले नव्हते. त्यांच्या खाली, जेवणाच्या टेबलावर, नऊच्या नऊ दिवे लागलेले आहेत. या वेळी केबिनमध्ये नाही. फोटोत साहेब आहेत, दादा आहे आणि कुक आहे. बाकीच्यांना सांगितलं होतं की इंडियन लोकांची काहीतरी पूजा आहे.

“कुकला तरी खरं सांगितलं का बे त्यांनी?” मी विचारलं.

“सांगितलं ना,” दादा म्हणाला. “तो म्हणे, मला वाटलंच होतं. आणि मग विचारत होता, पुढच्या वर्षी याला गोड काय करतात?”